काउनासचा शारास

शारूनास यासिकेविचुस याने बास्केटबॉलपटू म्हणून युरोलीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा चार वेळा जिंकली, तीही तीन वेगवेगळ्या क्लबांकडून. 2025 मध्ये तोच करंडक त्याने प्रशिक्षक म्हणून उचलला; एकूण पाचव्यांदा. तीन क्लबांसह युरोलीग जिंकणारा तो पहिला खेळाडू. लिथुआनियात त्याला सगळे नुसते 'शारास' म्हणतात. त्याचा जन्म 5 मार्च 1976 रोजी काउनास शहरात झाला. आई रिता यासिकेविचिएने हँडबॉलच्या नामवंत खेळाडू होत्या. मैदान, सराव, दुखापती आणि प्रवास या गोष्टी त्यामुळे या घराला नव्या नव्हत्या.

काउनासबद्दल थोडे सांगितल्याशिवाय ही कारकीर्द नीट समजत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्नियस पोलंडच्या ताब्यात होते आणि काउनास ही लिथुआनियाची तात्पुरती राजधानी होती. बास्केटबॉल तिथे रुजला तो अमेरिकेत वाढलेल्या लिथुआनियन वंशाच्या तरुणांमुळे. 1937 मध्ये रीगा येथे झालेली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा लिथुआनियाने अनपेक्षितपणे जिंकली. त्या संघाचा प्रशिक्षक फेलिक्सास क्राउचूनास हा स्वतः मैदानात उतरून खेळत होता. पुढच्या, 1939 च्या संघातला प्रानास लुबिनास लॉस एंजेलिसचा. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेकडून सुवर्णपदक जिंकून आला होता आणि आई-वडिलांच्या देशात येऊन तिथल्या मुलांना खेळ शिकवत होता. 1939 ची स्पर्धा काउनासला मिळाली तेव्हा शहराने त्यासाठी खास क्रीडागृह बांधले. त्या वर्षी लुबिनास खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता. पहिल्याच सामन्यात लाटव्हियावर 37–36 असा निसटता विजय मिळाला आणि यजमानांनी विजेतेपद राखले. इतर देशांनी 'अमेरिकन' खेळाडूंविरुद्ध तक्रारी केल्या, त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण लिथुआनियन बास्केटबॉलची एक रीत तेव्हाच पडली: बाहेर जाऊन खेळ शिकलेल्या माणसाने परत येऊन तो इथल्यांच्या हाती द्यायचा.

पुढच्याच वर्षी सोव्हिएत सैन्य आले आणि हा प्रवाह तुटला. 1944 मध्ये काउनासमध्ये 'झाल्गिरिस' क्लब सुरू झाला. 1410 साली पोलिश आणि लिथुआनियन सैन्याने ट्युटॉनिक सरदारांचा पराभव केला, त्या लढाईचे हे नाव. जर्मनांवरचा विजय म्हणून मॉस्कोला ते खटकले नाही, आणि स्थानिकांना मात्र त्यात आपला जुना इतिहास ऐकू येत होता. 1980 च्या दशकात या क्लबाने मॉस्कोच्या लष्करी संघाला, म्हणजे सीएसकेएला, मागे टाकून 1985, 1986 आणि 1987 अशी सलग तीन वर्षे सोव्हिएत अजिंक्यपद मिळवले. आर्विदास साबोनिस हा त्या संघाचा कणा. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या सोव्हिएत संघाचा भारही साबोनिस, मार्चुल्योनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचुस या चार लिथुआनियनांवरच होता. शारास तेव्हा बारा वर्षांचा होता. अशा शहरात एखाद्या मुलाने बास्केटबॉल खेळायचे ठरवले यात नवल नाही. नवल आहे ते पुढे: काउनासचा हा मुलगा झाल्गिरिसकडून पहिला सामना खेळला तेव्हा त्याचे वय सदतीस झाले होते.

देश 1990 मध्ये स्वतंत्र झाला आणि परदेशाची दारे उघडली. शारास शाळकरी वयातच अमेरिकेत गेला. पेनसिल्व्हेनियातील क्वारीव्हिल या खेड्यासारख्या गावात त्याचे शेवटचे शालेय शिक्षण झाले. 1994 ते 1998 अशी चार वर्षे तो मेरिलँड विद्यापीठाकडून गॅरी विल्यम्स यांच्या हाताखाली खेळला. उंची 1.93 मीटर, फेक चांगली, पण पाय संथ आणि बचाव कमकुवत. 1998 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या निवडीत त्याचे नाव कोणीच पुकारले नाही. तो परतला तो विल्नियसच्या 'लिएतुवोस रितास' या क्लबाकडे, म्हणजे काउनासच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे. नेमक्या त्याच 1998–99 च्या हंगामात योनास काझलाउस्कास यांच्या झाल्गिरिसने म्युनिकमध्ये किंडर बोलोन्याला 82–74 असे हरवून युरोलीग जिंकली. काउनासच्या चौकाचौकात जल्लोष चालू असताना हा काउनासचा खेळाडू विरुद्ध गोटात होता.

पुढचे एक वर्ष ल्युब्लियानाच्या 'ओलिंपिया'कडे आणि तिथून बार्सिलोना. बहुतेकांना त्याचे नाव कळले ते मात्र क्लबातून नव्हे, सिडनी ऑलिंपिकमधून. 2000 च्या त्या उपांत्य सामन्यात एनबीएचे तारे असलेल्या अमेरिकेविरुद्ध लिथुआनिया शेवटच्या क्षणापर्यंत टिकला. शारासने 27 गुण केले होते. 85–83 असा गुणफलक असताना अखेरचा चेंडूही त्याच्याच हाती आला, घाईत टाकलेली लांबची फेक आखूड पडली आणि इतिहास थोडक्यात हुकला. ऑलिंपिकमध्ये एनबीए खेळाडू उतरू लागल्यापासून अमेरिका पराभवाच्या इतकी जवळ कधी आलीच नव्हती. लिथुआनियाने नंतर ऑस्ट्रेलियाला हरवून कांस्यपदक घेतले.

बार्सिलोनात पहिल्या वर्षी ऐतो गार्सिया रेनेसेस यांच्या संघात वीस वर्षांचा पाऊ गासोल त्याचा सहकारी होता. 2001 मध्ये या संघाने स्पॅनिश लीग आणि राजाचा चषक जिंकला. मग प्रशिक्षक म्हणून स्वेतिस्लाव पेशिच आले, देयान बोदिरोगा आला, आणि 2003 मध्ये बार्सिलोनाने पाच अंतिम सामने गमावल्यानंतर पहिल्यांदा युरोपीय विजेतेपद मिळवले. घरच्याच पालाऊ सांत जोर्दीमध्ये बेनेतॉन त्रेव्हिझोविरुद्ध निकाल 76–65 होता. बोदिरोगासारख्या राजेशाही खेळाडूच्या शेजारी शारासचे काम संघाला लय देण्याचे होते. लीग, चषक आणि युरोलीग असे तिन्ही त्या हंगामात बार्सिलोनाकडे आले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनला युरोपीय अजिंक्यपद झाले. आंतानास सिरेइका यांच्या लिथुआनियाने स्टॉकहोममधील अंतिम सामन्यात स्पेनला 93–84 हरवले. 1939 नंतर चौसष्ट वर्षांनी हा करंडक परत आला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून शारासची निवड झाली. लुबिनासच्या पिढीनंतर मिळालेले हे देशाचे पहिलेच युरोपीय विजेतेपद.

मैदानावर तो नेमके काय करत असे हे समजण्यासाठी 'पिक अँड रोल' ही बास्केटबॉलमधली सर्वात जुनी चाल पाहावी लागते. संघातला एखादा उंच खेळाडू चेंडू असलेल्या खेळाडूच्या, म्हणजे गार्डच्या, पहारेकऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. गार्ड त्या भिंतीला खेटून पुढे निघतो, आणि त्याच क्षणी उंच खेळाडू वळून बास्केटकडे धावतो. बचाव करणाऱ्या दोघांना आता अर्ध्या सेकंदात ठरवायचे असते की कोणी कोणाला धरायचे. एक जण पुढे आला तर मागे जागा मोकळी होते; मागे थांबला तर गार्डला फेकीला वेळ मिळतो; तिसऱ्याने मदतीला धाव घेतली तर कोपऱ्यातला खेळाडू एकटा पडतो. शारास या अर्ध्या सेकंदात जगत असे. चेंडू हातात घेऊन तो वेग किंचित कमी करी, समोरच्याला निर्णय घ्यायला लावी, आणि तो झाला की त्याच्या विरुद्ध बाजूला पास देई, अनेकदा त्या दिशेला न पाहताच. ज्याचे पाय संथ होते त्याला डोळ्यांनी वेळ कमवावा लागला. त्याच्यातला प्रशिक्षक इथेच तयार होत होता असे म्हणायला हरकत नाही.

2003 मध्ये तो मकाबी तेल अवीवकडे गेला. पिनी गेर्शोन यांचा हा संघ त्या काळातला सर्वात मनमोकळा आणि आक्रमक संघ. अँथनी पार्कर, निकोला वुइचिच, मॅसिओ बॅस्टन असे खेळाडू आणि चेंडू फिरवायला शारास. एप्रिल 2004 मध्ये तेल अवीवला मकाबी विरुद्ध झाल्गिरिस असा निर्णायक सामना झाला. जिंकणारा संघ तेल अवीवमध्येच होणाऱ्या अंतिम चारच्या फेरीत जाणार होता. साबोनिस कारकिर्दीच्या संध्याकाळी झाल्गिरिसकडे परतला होता. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत काउनासचा संघ तीन गुणांनी पुढे होता. मग मैदानाच्या एका टोकाहून लांब पास आला, डेरिक शार्पने तो पकडला, वळला आणि तीन गुण झाले: 94–94. जादा वेळेत मकाबीने 107–99 असा सामना काढला. काउनासमध्ये ही जखम वर्षानुवर्षे ताजी राहिली, आणि समोरच्या संघाचा सूत्रधार त्यांच्याच गावचा होता. महिन्याभराने मकाबीने अंतिम सामन्यात बोलोन्याच्या संघाचा 118–74 असा धुव्वा उडवला. पुढच्या वर्षी मॉस्कोत ताऊ सेरामिकाला 90–78 हरवून करंडक राखला, आणि त्या अंतिम चारचा सर्वोत्तम खेळाडू शारास ठरला. वेगवेगळ्या संघांतून सलग तीन वर्षे त्याने युरोलीग जिंकली होती.

या दोन विजयांच्या मध्ये अथेन्स ऑलिंपिक येते. ऑगस्ट 2004 मध्ये गटसाखळीत लिथुआनियाने अमेरिकेला 94–90 हरवले. शारासने 28 गुण केले, त्यांत सात फेकी तीन गुणांच्या. अखेरच्या मिनिटांत त्याने लागोपाठ लांबून टाकलेल्या फेकींनी पारडे फिरवले. त्यांतल्या एकीवर फाउल मिळून चार गुण झाले. सिडनीचा हिशेब चुकता झाला असे वर्तमानपत्रांनी लिहिले, पण ते पूर्ण खरे नव्हते. कांस्यपदकाच्या लढतीत त्याच अमेरिकेने 104–96 अशी बाजी मारली आणि लिथुआनिया चौथा राहिला.

या खेळामुळे एनबीएचे दार अखेर उघडले. 2005 मध्ये, एकोणतीस वर्षांचा असताना, तो इंडियाना पेसर्सकडे गेला. जानेवारी 2007 मध्ये आठ खेळाडूंच्या मोठ्या अदलाबदलीत त्याची रवानगी गोल्डन स्टेटला झाली, आणि त्याच वर्षी तो युरोपात परतला. हा प्रयोग फसला हे मान्य करायला हवे. युरोपात सामना चाळीस मिनिटांचा, आक्रमणाच्या चाली आखीव, आणि चाली चालवणाऱ्या गार्डला महत्त्व. अमेरिकेत सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, वेग आणि एकास एक झुंज अधिक. शारासची ताकद पहिल्या प्रकारात होती आणि उणीव दुसऱ्या प्रकारात उघडी पडत होती.

परतल्यावर तो अथेन्सच्या पानाथिनाइकोसमध्ये गेला. प्रशिक्षक होते झेल्को ओब्रादोविच. प्रशिक्षक म्हणून युरोलीगची त्यांच्याइतकी विजेतेपदे कोणाच्याच नावावर नाहीत, आणि त्यांच्याइतका आरडाओरडाही क्वचितच कोणी केला असेल. त्यांच्या संघात मोकळीक होती, पण ती बचावाची शिस्त पाळणाऱ्यालाच. दिमित्रिस दियामांतिदिस आणि वासिलिस स्पानूलिस यांच्यासोबत शारासने 2009 मध्ये बर्लिनला चौथी युरोलीग जिंकली. त्या सामन्यात मध्यंतराला पानाथिनाइकोस 48–28 असे वीस गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात सीएसकेएने एकेक करत ते अंतर खाल्ले आणि 73–71 वर शेवटचा चेंडू रामूनास शिश्काउस्कासच्या हाती आला. तो स्टॉकहोमच्या सुवर्णविजेत्या संघातला शारासचा सहकारी. ती फेक चुकली.

त्यानंतरची वर्षे भटकंतीची. लिएतुवोस रितासमध्ये अल्पकाळ, 2011 मध्ये इस्तंबूलच्या फेनेरबाह्चेत अर्धा हंगाम, पुन्हा पानाथिनाइकोस, पुन्हा बार्सिलोना. 2011 चे युरोपीय अजिंक्यपद लिथुआनियातच झाले. काउनासमध्ये नुकत्याच उघडलेल्या झाल्गिरिस अरेनात यजमान उपांत्यपूर्व फेरीत मॅसिडोनियाकडून 67–65 हरले आणि सारे सभागृह सुन्न झाले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत तो राष्ट्रीय संघात राहिला. अखेर 2013–14 चा हंगाम त्याने झाल्गिरिसकडून खेळला, लिथुआनियाची लीग जिंकली आणि तिथेच निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर तो कुठेच गेला नाही. त्याच बाकावर गिंतारास क्रापिकास यांचा सहायक म्हणून बसला. पुढच्या वर्षी 'लाइमेती नेउझ्तेंका' हे त्याचे आत्मकथन आले. जिंकणे पुरेसे नाही असा त्या नावाचा अर्थ, आणि पुढच्या प्रशिक्षकाची ओळख म्हणून तो बरा आहे. जानेवारी 2016 मध्ये क्रापिकास पायउतार झाले आणि शारास मुख्य प्रशिक्षक झाला. 2016 ते 2020 अशी सलग पाच वर्षे झाल्गिरिसने देशाची लीग जिंकली. शेवटचा हंगाम कोरोनामुळे अर्धवट थांबला होता.

देशातल्या यशापेक्षा युरोपातली कामगिरी मोठी होती. झाल्गिरिसकडे इस्तंबूल, माद्रिद किंवा मॉस्कोच्या क्लबांसारखा पैसा नव्हता. जे खेळाडू परवडत होते त्यांना एका साच्यात बसवणे हाच मार्ग होता. आक्रमणात चेंडू थांबायचा नाही, प्रत्येक चालीची दुसरी आणि तिसरी फांदी पाठ हवी, आणि बचावात एकाची चूक दुसऱ्याने निस्तरायची. मैदानात उत्स्फूर्तपणासाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस बाकावर आल्यावर कमालीचा काटेकोर निघाला. टाइमआउटमधला त्याचा संताप दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना ओब्रादोविच यांची आठवण होई, आणि ती चुकीची नव्हती. 2018 मध्ये केव्हिन पांगोस, पाउलियुस यांकूनास, ब्रँडन डेव्हिस, एद्गारास उलानोवास यांच्या या संघाने ओलिंपियाकोसला 3–1 असे हरवले आणि 1999 नंतर पहिल्यांदा अंतिम चारमध्ये पाऊल ठेवले. बेलग्रेडला उपांत्य सामन्यात गाठ पडली ती ओब्रादोविच यांच्या फेनेरबाह्चेशी. गुरूने 76–67 असा सामना जिंकला. तिसऱ्या क्रमांकासाठी झाल्गिरिसने सीएसकेएला 79–77 हरवले.

मे 2017 मधली एक पत्रकार परिषद मात्र या सगळ्या सामन्यांपेक्षा जास्त लोकांनी पाहिली. लीगच्या उपांत्य फेरीच्या काळात झाल्गिरिसचा ब्राझिलियन खेळाडू आउगुस्तो लिमा मुलाच्या जन्मासाठी घरी गेला होता. संघ सोडून जाणे योग्य का, असे एका पत्रकाराने विचारले. शारासने आवाज न चढवता त्यालाच उलट विचारले की तुला मुले आहेत का, आणि मूल जन्माला येण्याहून मोठे माणसाच्या आयुष्यात काही असते का. सभागृह शांत झाले. ज्याच्या कडकपणाचीच चर्चा होत असे, त्या प्रशिक्षकाची ही बाजू जगाला अचानक दिसली.

2020 मध्ये त्याने बार्सिलोनाचे प्रशिक्षकपद घेतले. 2001 चा सहकारी पाऊ गासोल काही महिने त्याच्या हाताखाली खेळला. वीस वर्षांनी नाते बदलले होते. त्याच हंगामात युरोलीगच्या उपांत्यपूर्व मालिकेत सेंट पीटर्सबर्गच्या झेनितला 3–2 हरवताना समोरच्या बाकावर त्याचे जुने प्रशिक्षक शावी पास्कुआल होते. 2021 मध्ये लीग आणि राजाचा चषक आला, 2022 मध्ये पुन्हा चषक, 2023 मध्ये रेआल माद्रिदला अंतिम मालिकेत 3–0 असे नमवून पुन्हा लीग. युरोलीग मात्र हुलकावणी देत राहिली. 2021 च्या कोलोनमधील अंतिम सामन्यात एर्गिन आतामान यांच्या अनादोलु एफेसने 86–81 अशी बाजी मारली. 25 गुण करणारा सामनावीर वासिलिये मिचिच 2018 च्या झाल्गिरिसमध्ये शारासच्याच हाताखाली होता. 2022 आणि 2023 मध्ये उपांत्य सामन्यात रेआल माद्रिद आडवे आले. त्यातला दुसरा पराभव काउनासमध्ये, त्याच्या स्वतःच्या शहरात झाला. कराराच्या बोलण्यांत एकमत झाले नाही आणि 2023 च्या उन्हाळ्यात तो बार्सिलोनातून बाहेर पडला.

डिसेंबर 2023 मध्ये फेनेरबाह्चेने दिमित्रिस इतुदिस यांच्या जागी त्याला आणले. यात एक योगायोग दिसतो: त्याने प्रशिक्षण दिलेले तिन्ही क्लब, झाल्गिरिस, बार्सिलोना आणि फेनेरबाह्चे, आधी त्याचे खेळाडू म्हणूनचे क्लब होते. परक्या ड्रेसिंग रूममध्ये तो कधी प्रशिक्षक म्हणून गेला नाही. हंगामाच्या मध्यात येऊनही 2024 मध्ये तुर्की लीग आणि चषक त्याने मिळवून दिला. युरोलीगच्या अंतिम चारमध्ये मात्र बर्लिनला पानाथिनाइकोसने 73–57 असा पराभव केला. त्या संघाचे प्रशिक्षक पुन्हा आतामानच.

मे 2025 मध्ये अंतिम चारची फेरी प्रथमच अबू धाबीत झाली. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा पानाथिनाइकोस आणि आतामान. या वेळी फेनेरबाह्चेने 82–76 असा निकाल लावला. 25 मे रोजी अंतिम सामन्यात मोनाको संघ होता आणि त्याच्या बाकावर वासिलिस स्पानूलिस, 2009 च्या बर्लिन विजयातला सहकारी. फेनेरबाह्चे 81–70 असे जिंकले. नायजेल हेस-डेव्हिस अंतिम चारचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेनेरबाह्चेची ही दुसरी युरोलीग. पहिली 2017 मध्ये ओब्रादोविच यांनी जिंकून दिली होती. युरोपचे हे सर्वोच्च विजेतेपद खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी मिळवलेली माणसे मोजकीच आहेत. त्यांत पेशिच आहेत: 1979 मध्ये सारायेव्होच्या बोस्नाकडून खेळताना आणि 2003 मध्ये शारासच्या बार्सिलोनाचे प्रशिक्षक असताना. फेनेरबाह्चेने त्या हंगामाचा तुर्की चषक फेब्रुवारीतच घेतला होता, आणि जूनमध्ये बेशिक्ताशला अंतिम मालिकेत हरवून लीगही जिंकली.